राखमिश्रित ॲल्युमिनियम

पिकांच्या अवशेषांची बारीक राख वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ढवळून केलेला संमिश्र पदार्थ. ॲल्युमिनियम हलके, पण मऊ. घासले की झिजते. म्हणून त्यात सिलिकॉन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे कण घालतात. ते तयार करायला २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापणारी भट्टी लागते आणि ते महाग पडतात. राखेतील सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, हेच काम काही अंशी स्वस्तात करते.

खानदेश म्हटले की केळी आणि कापूस. रावेर-यावलकडे घड उतरल्यावर पडून राहणारी खोडे आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या पाहिल्या की कच्चा माल इथेच आहे असे वाटते. पण नेमके हेच अवशेष या कामी कमी पडतात. केळीच्या राखेत पोटॅश भरपूर, पऱ्हाटीच्या राखेत त्याच्या जोडीला चुना, सिलिका थोडी. केळीचा धागाही थेट मिसळता येत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि धागा त्याच्या निम्म्या तापमानालाच करपतो. ती खोडे कुजून शेतातच जावीत, हे उत्तम.

उपयोगी आहे ते नवापूरकडच्या भाताचे तूस. १०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस निघते, त्याची राख जेमतेम ४ किलो. पण तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. शहाद्याकडच्या उसाच्या चोथ्याची राखही चालते. मात्र साखर कारखान्याच्या बॉयलरमधून येणाऱ्या राखेत माती आणि न जळलेला कोळसा असतो, त्यामुळे ती पुन्हा भाजून चाळावी लागते. कोळसा राहिला तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होऊ शकते आणि ओलाव्याने ते विघटित होऊन धातू आतून पोखरतो.

मुशीत धातू ७०० ते ७५० अंशांवर ठेवून भोवरा पडेल इतक्या वेगाने ढवळतात व आधी गरम केलेली राख थोडी थोडी सोडतात. राख थंड किंवा दमट असेल तर गोळे होतात, ओतीव भागात पोकळ्या राहतात. धातू राखेला सहज चिकटत नाही, म्हणून थोडे मॅग्नेशियम घालतात. राखेचे प्रमाण बहुधा वजनाच्या २ ते १० टक्के. कठीणपणा वाढतो, झीज कमी होते. पण धातूची लवचीकता घटते, म्हणून ताण किंवा धक्का सोसणाऱ्या भागांपेक्षा घासले जाणारे भाग यासाठी योग्य.

तूस फार तापवले तर सिलिका स्फटिकरूप होते. तिची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने राख ६०० ते ७०० अंशांवरच भाजावी आणि चाळताना तोंडाला मास्क असावा.