टूलबॉक्स टाकणं आणि अ‍ॅक्टिवेट करणं

टूलबॉक्स म्हणजे गणिताच्या मोठ्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचा, वेगळे पैसे मोजून घ्यायचा भाग. मॅटलॅब, मेपल, मॅथेमॅटिका यांपैकी एखादं मूळ सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर असतं, त्यात बेरीज-गुणाकारापासून मॅट्रिक्सपर्यंत बरंच काही येतं, पण फोटोवर काम करायचं, सिग्नल तपासायचा, कंट्रोल सिस्टिम डिझाइन करायची तर त्यासाठीचे फंक्शन वेगळे विकत घ्यावे लागतात. फाइली हार्ड डिस्कवर उतरवणं म्हणजे इन्स्टॉलेशन आणि त्या वापरायची परवानगी त्या कॉम्प्युटरला मिळवून देणं म्हणजे अ‍ॅक्टिवेशन. ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या विदर्भात तालुक्याच्या गावच्या कॉलेजांत या कामापायी जेवढे दिवस जातात त्यातले बरेचसे ही दोन्ही एकच समजल्यामुळे जातात, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिली आहे.

फायनल इयरच्या पोरांचं एक ठरलेलं प्रोजेक्ट असतं, कपाशीच्या पानावरचा रोग फोटोवरून ओळखायचा, वरुड-मोर्शीकडे कपाशीच्या जागी संत्र्याचं पान. शेतात जाऊन मोबाइलवर फोटो काढला, मॅटलॅबमध्ये इमरीड कमांड देऊन उघडला, तो उघडतो, कारण ती कमांड मूळ सॉफ्टवेअरातच आहे. मग पानावरचा डाग वेगळा काढायला इमबायनराइझ लिहिलं की लाल अक्षरात उत्तर येतं, याला इमेज प्रोसेसिंग टूलबॉक्स लागतो. पोट्टे धावत येतात, "सर, मॅटलॅब खराब झालं." खराब काही झालेलं नसतं, एकतर टूलबॉक्स टाकलेला नाही किंवा टाकलाय पण त्याचं लायसन्स नाही. यातलं नेमकं काय ते पाहायच्या दोन वेगळ्या कमांड आहेत. व्हीईआर ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारलं की काय काय इन्स्टॉल आहे त्याची यादी येते, आणि लायसन्स कमांडला टेस्ट असं सांगून टूलबॉक्सचं नाव दिलं की परवानगी आहे की नाही ते एक किंवा शून्य अशा आकड्यात कळतं. या दोन्हींची उत्तरं जुळायलाच पाहिजेत असं नाही. शिवाय टूलबॉक्सचं लायसन्स मॅटलॅब उघडताना उचललं जात नाही, त्यातलं पहिलं फंक्शन चालवलं की उचललं जातं, म्हणून सकाळपासून बरोबर चाललेलं प्रॅक्टिकल दुपारी मधेच अडकतं.

थोडा इतिहास. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यू मेक्सिको विद्यापीठात मॅटलॅब लिहिलं, विद्यार्थ्यांना फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावी म्हणून, आणि १९८४ मध्ये त्याची मॅथवर्क्स ही कंपनी झाली. मेपलची सुरुवात १९८० मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात झाली, मॅथेमॅटिका २३ जून १९८८ ला आलं. २००६ पासून मॅटलॅबची वर्षात दोन व्हर्जनं निघतात, ए आणि बी. टूलबॉक्स त्याच व्हर्जनचा लागतो, ए च्या मॅटलॅबवर बी चा टूलबॉक्स बसत नाही. आणखी एक, काही टूलबॉक्स दुसऱ्याच्या आधारावर उभे असतात. कॉम्प्युटर व्हिजनला इमेज प्रोसेसिंग लागतो, ग्लोबल ऑप्टिमायझेशनला साधा ऑप्टिमायझेशन लागतो. कोटेशन मागवताना हे पाहिलं नाही तर एक टूलबॉक्स घरात येतो आणि चालत नाही, मग पुढच्या वर्षीच्या बजेटपर्यंत बसा.

डाउनलोड कसं आणायचं

नुसतं मॅटलॅब चारेक जीबीत बसतं, सगळे टूलबॉक्स निवडले तर आकडा वीस जीबीच्या वर जातो. गावाकडे बहुतेकांचं नेट म्हणजे मोबाइलचा रिचार्ज, दिवसाला दीड-दोन जीबी, आणि तेवढं संपलं की स्पीड इतका पडतो की साधं पानही उघडत नाही. त्यामुळे इन्स्टॉलर गावातल्या कॉम्प्युटरवर सुरू करून रात्रभर ठेवायचा विचार सोडून द्या, रात्री लाइन एकदा तरी जातेच. इन्स्टॉलरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये 'इन्स्टॉल न करता नुसतं डाउनलोड करा' असा पर्याय आहे. नागपूर-अमरावतीला ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे बसून तो वापरायचा, लागतील तेवढेच टूलबॉक्स निवडायचे आणि फोल्डर हार्ड डिस्कवर टाकून एसटीनं घेऊन यायचं. पेनड्राइव्ह असेल तर तो आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या, कारण फॅट ३२ या जुन्या पद्धतीवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, आणि तो मेसेज कॉपी सुरू करताना येतो, तोवर परतीच्या गाडीची वेळ झालेली असते.

नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर टाकायला दोन गोष्टी सोबत पाहिजेत. पहिली 'फाइल इन्स्टॉलेशन की', म्हणजे डॅश टाकून लिहिलेले आकड्यांचे लांब गट, आणि दुसरी लायसन्सची फाइल. की सांगते काय काय टाकायचं, फाइल सांगते काय काय चालवायचं. दोन्ही कंपनीच्या वेबसाइटवर अ‍ॅडमिनच्या खात्यातून मिळतात, आणि त्यासाठी ज्या कॉम्प्युटरवर टाकायचं त्याचा होस्ट आयडी, म्हणजे त्या मशीनचा ओळख-नंबर, आधी द्यावा लागतो. मॅथेमॅटिकात याच जागी मॅथआयडी असतो, तो आणि अ‍ॅक्टिवेशन की दुसऱ्या नेटवाल्या कॉम्प्युटरवर टाकली की पासवर्ड मिळतो. फिरून-फिरून गोष्ट तीच, मशीनची ओळख बाहेर न्यायची आणि परवानगी आत आणायची.

होस्ट आयडीची भानगड

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त अ‍ॅक्टिवेशन इथेच बिघडतं. होस्ट आयडी म्हणजे बऱ्याचदा नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता, काही ठिकाणी सी ड्राइव्हचा सिरियल नंबर. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाइप केलं की मॅक पत्ते येतात, पण ते एक नसतात, चार-पाच असतात. वायरच्या कार्डाचा, वायफायचा, ब्लूटूथचा, आणि मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घेतलं असेल तर मोबाइलचासुद्धा, त्याच्या वर्णनात रिमोट एनडीआयएस असं लिहिलेलं असतं.

एका तालुक्याच्या कॉलेजात मी लायसन्स टाकून दिलं होतं. लॅबमधली लँडलाइन बंद होती म्हणून एका पोराचा मोबाइल यूएसबीला लावून नेट घेतलं, यादीत वर जो पत्ता दिसला तो लिहून पाठवला, फाइल आली, टाकली, इमेज टूलबॉक्स चालला, चहा पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "सर, काल तं चालत होतं, आज उणे नऊ येऊन राह्यलं." उणे नऊ म्हणजे होस्ट आयडी जुळत नाही. मी विचारलं काही बदललं का, तर म्हणे काहीच नाही, फक्त पोट्ट्यानं मोबाइल काढून नेला. लायसन्स त्या मोबाइलच्या पत्त्यावर बनवलं होतं. तो पत्ता काही फोनांत दर वेळी बदलतो, त्यामुळे मोबाइल परत आणून लावूनही उपयोग झाला नसता. चूक माझीच होती. खात्यात जाऊन जुनी नोंद काढली, वायरच्या कार्डाचा पत्ता देऊन नवी फाइल घेतली, तेव्हा चाललं. तेव्हापासून मी आधी मोबाइल काढायला लावतो, वायफाय आणि ब्लूटूथ बंद करतो, आणि जे उरतं त्याचाच पत्ता लिहितो.

फाइल आणतानाही सांभाळावं लागतं. लायसन्सचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये पेस्ट करून पाठवला की ओळी तुटतात, अवतरणचिन्हं बदलतात, मग आपण हातानं काही न बदलताही उणे आठ येतो, म्हणजे फाइलमधला मजकूर बिघडलाय. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि नोटपॅडमध्ये सेव्ह केली की विंडोज तिच्या मागे टीएक्सटी लावून ठेवतं आणि दाखवत नाही, नाव बरोबर दिसतं पण सॉफ्टवेअरला फाइल सापडत नाही.

तारीख

उन्हाळ्याच्या सुटीत लॅबचा मेन स्विच बंद करून जातात. जूनमध्ये उघडलं की जुन्या मशीनची तारीख कुठच्या कुठे गेलेली असते, कारण मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, आधीच थकलेला असतो आणि बंद मशीनची तारीख तोच सांभाळतो. मग लायसन्स म्हणतं माझी मुदत अजून सुरू झाली नाही, ब्राउझर म्हणतो वेबसाइट सुरक्षित नाही, ऑनलाइन अ‍ॅक्टिवेशन तर होतच नाही, आणि माणूस नेटवाल्याला फोन लावत बसतो. नेटचा काही दोष नसतो. उलटं पण होतं, कोणीतरी तारीख चुकून पुढची टाकतो, नंतर दुरुस्त करतो, आणि पुढच्या तारखेच्या फाइली डिस्कवर पाहून सॉफ्टवेअर समजतं की घड्याळ मुद्दाम मागं नेलं, तो उणे अठ्ठ्याऐंशी. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, पिना काढायच्या, जुना उचकून नवा बसवायचा, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख टाकायची. लायसन्सचं काहीही करायच्या आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा.

नेटवर्क लायसन्स

पूर्ण लॅबसाठी घेतलं तर लायसन्स प्रत्येक कॉम्प्युटरवर न टाकता एका सर्व्हरवर ठेवतात. सर्व्हरवर फ्लेक्सनेट नावाचा लायसन्स मॅनेजर चालतो, साधारणपणे पोर्ट २७००० वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत यायचा नंबर दिलेला दरवाजा), आणि लॅबमधला प्रत्येक पीसी त्याच्याकडे परवानगी मागतो. ग्रामीण कॉलेजांनी शक्य असेल तर हेच घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा बसलं की रोजच्या कामाला इंटरनेट लागतच नाही, लॅबमधली वायर आणि नेटवर्क स्विच चालू असला की झालं. रस्त्याच्या कामात केबल तुटली तरी प्रॅक्टिकल होतं. फक्त सर्व्हर आणि तो छोटा स्विच दोन्ही यूपीएसवर पाहिजेत, बरेच जण सर्व्हर यूपीएसवर ठेवतात आणि स्विचला विसरतात. सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कायमचा ठरवून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की तो बदलतो आणि सगळ्या पीसीवर उणे पंधरा येतो, म्हणजे सर्व्हर सापडत नाही. फायरवॉलमध्ये २७००० सोबत कंपनीच्या दुसऱ्या प्रोग्रामचा पोर्टही उघडावा लागतो, आणि तो लायसन्स फाइलमध्ये पक्का लिहिला नसेल तर दर वेळी वेगळा घेतला जातो.

संख्येचंही पाहावं लागतं. मॅटलॅबचे वीस आणि इमेज टूलबॉक्सचे पाच घेतले असतील तर वीस जण मॅटलॅब उघडतील पण सहाव्या पोराला इमेज टूलबॉक्स मिळणार नाही, त्याला उणे चार दिसेल. उचललेली जागा मॅटलॅब बंद केल्यावर परत जाते, काम झालं म्हणून नाही. लाइन जाऊन पीसी धाडकन बंद पडले तर सर्व्हरला ते कळायला वेळ लागतो, तोवर त्या जागा अडकलेल्याच दिसतात. लायसन्स मॅनेजर एकदा बंद करून चालू केला की मोकळ्या होतात.

कॉम्प्युटर फॉरमॅट करायच्या आधी लायसन्स डीअ‍ॅक्टिवेट करा. गावातला कॉम्प्युटरवाला विंडोज हळू झालं की थेट फॉरमॅट मारतो, आणि कंपनीच्या हिशोबात ते जुनं मशीन जागा धरून बसतं, मोजक्याच मशीनची परवानगी असेल तर ती अशीच संपते.

क्रॅक केलेली कॉपी आपल्याकडे पेनड्राइव्हवर सर्रास फिरते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती टाकायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि मग त्याच पेनड्राइव्हमुळे पूर्ण लॅबचे प्रोजेक्ट रिपोर्ट गेलेले मी पाहिलेत, त्या पोरांची तोंडं अजून आठवतात. कायदाही आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे माहीत असून चोरीचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापरला नसेल तर कोर्ट कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, पण आपल्याकडच्या घरांत पन्नास हजार ही छोटी रक्कम नाही.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी ऑक्टेव्ह आणि सायलॅब ही मॅटलॅबसारखी सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट आणि कायदेशीर, अ‍ॅक्टिवेशन नावाची भानगडच नाही. ऑक्टेव्ह जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतलं, नाव त्यांच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांवरून, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून ठेवलं. सायलॅबचे धडे मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून आहेत, इंग्रजीला घाबरणाऱ्या पोरांना ते आधी दाखवा. ऑक्टेव्हमध्ये टूलबॉक्सला पॅकेज म्हणतात, विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये बरीच पॅकेज आधीच असतात, फक्त दर वेळी पीकेजी लोड इमेज असं लिहून ते उघडावं लागतं, हे विसरलं की फंक्शन सापडत नाही म्हणून तोच गोंधळ परत होतो. मॅटलॅबमधलं प्रत्येक फंक्शन त्याच नावानं मिळेलच असं नाही, पण पानावरचा डाग वेगळा काढायला इमटूबीडब्ल्यू पुरतं. एखादं पॅकेज नसेल तर त्याची फाइल अमरावतीहून पेनड्राइव्हवर आणायची, त्या फोल्डरमध्ये जायचं आणि पीकेजी इन्स्टॉलच्या पुढे फाइलचं नाव लिहून एंटर मारायचं.