पिवळं पडणारं वर्तमानपत्र आणि मनसरचा रस्ता

२१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळ मनसरला राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या एका पट्ट्याचं उद्घाटन नितीन गडकरींनी केलं. लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य मिसळलेलं डांबर वापरून केलेला राष्ट्रीय महामार्गाचा देशातला हा पहिला पट्टा. लिग्निनचं तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं, आणि सोबतीला केंद्रीय रस्ते संशोधन संस्था. ही बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येईस्तोवर 'आता रस्ते झाडाच्या चिकापासून, खनिज तेलाची गरज संपली' अशी झाली होती. या तंत्रात डांबरात लिग्निन पडतं १५ टक्क्यांपर्यंत. उरलेलं सगळं रिफायनरीतलंच.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्या ज्या डांबरातून आल्या, ते दगडी कोळशाचं. हवा न लागू देता कोळसा भाजला की ते सुटतं. रस्त्यावरचं डांबर म्हणजे बिटुमेन. खनिज तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे सगळं काढून घेतल्यावर तळाशी उरणारा हा गाळ. दोन्ही काळी, दोन्ही चिकट, पण रसायनं वेगळी. शिवाय खनिज तेल हेसुद्धा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री शेवाळाचं आणि सूक्ष्मजीवांचंच. त्यामुळे 'वनस्पतीजन्य' या शब्दाने फार हुरळून जाऊ नये. फरक आहे तो कधीच्या वनस्पती एवढाच.

रस्त्याचा वरचा थर म्हणजे चिक्की. शेंगदाण्यांच्या जागी खडी, पाकाच्या जागी डांबर. पाक मात्र फारच थोडा, वजनाने जेमतेम पाच टक्के. खडीच्या प्रत्येक दाण्यावर त्याचा केसाहूनही पातळ थर बसतो आणि त्याच्या जिवावर ट्रक धावतात. नवीन रस्त्यावर हा पाक मऊसर असतो, चाकाखाली किंचित दबतो, परत सावरतो. चार-सहा वर्षांनी तो गोळीबंद होतो. मग दबण्याऐवजी तडकतो. मगरीच्या पाठीसारखी जाळी उमटते, तिच्यातून पावसाचं पाणी आत शिरतं, आणि पुढचं तुम्हाला जुलैत दिसतंच. खड्ड्याचं खापर आपण पावसावर फोडतो. पण अनेकदा पाऊस शेवटी येतो. पाक त्याच्या आधीच कडक झालेला असतो.

तो कडक का होतो? ऑक्सिजनमुळे. माझा सगळा जीव या गोष्टीत अडकलेला आहे, तेव्हा जरा दमाने घ्या. डांबरात हजारो प्रकारचे रेणू असतात. तेलकट, हलके रेणू, आणि त्यांत तरंगणारे मोठे, जडशीळ रेणू, म्हणजे अस्फाल्टीन. ऊन आणि उष्णतेने एखाद्या रेणूवरचा हायड्रोजन सुटतो आणि मागे एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. अशा रेणूला मुक्तमूलक म्हणतात. हा एकटा इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाही. तो ऑक्सिजनला पकडतो, आणि तयार झालेलं पेरॉक्सी मूलक शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतं. आता शेजारी एकटा पडला. ही साखळी चालू राहते. मागे कीटोन आणि सल्फॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन अडकलेले अणुगट, साचत जातात. ते ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण, असल्याने रेणू एकमेकांना घट्ट धरू लागतात, हलके भाग घटतात, अस्फाल्टीन वाढतं. पाक आळला! याची सुरुवात रस्त्यावर पडण्याआधीच होते. हॉटमिक्स प्लांटमध्ये सुमारे १६० अंशांना पातळ थरात हवा लागते, तिथेच डांबर बरंच म्हातारं होतं. म्हणूनच प्रयोगशाळेत ते फिरत्या बाटल्यांमध्ये १६३ अंशांवर ८५ मिनिटं तापवून मग तपासतात.

आता लिग्निन. लाकडाला ताठपणा देणारं हे द्रव्य, लाकडाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा. फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्र सहा महिन्यांत पिवळं पडतं ते याच्यामुळे. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लिग्निन तसंच ठेवलेलं असतं. चांगल्या वहीच्या कागदातून ते काढून टाकतात. लिग्निनमध्ये फिनॉल गट, म्हणजे बेंझीनच्या कड्याला जोडलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि ते उन्हा-ऑक्सिजनच्या हल्ल्यात स्वतःचा हायड्रोजन चटकन देऊन मोकळे होतात. कागदासाठी हा दोष. डांबरात मात्र हेच हवं आहे! भटकं पेरॉक्सी मूलक डांबराच्या रेणूवर तुटून पडण्याआधी फिनॉलचा हायड्रोजन घेऊन शांत होतं. मागे उरलेल्या फिनॉक्सी मूलकाचा एकटा इलेक्ट्रॉन बेंझीनच्या कड्यावर पसरून राहतो, त्यामुळे तो पुढे कुणाला छळत नाही. साखळी तिथेच तुटते.

पण डांबराच्या पिपात भुसा ओतून हे होणार नाही. झाडातल्या लिग्निनचे बरेचसे फिनॉल एकमेकांत ईथर बंधांनी, म्हणजे ऑक्सिजनच्या पुलांनी, अडकलेले असतात. कागद गिरणीत लाकूड कॉस्टिक सोडा आणि सल्फाइडमध्ये शिजवताना हे बंध तुटतात आणि फिनॉल मोकळे होतात. त्या काळ्या पाण्यातून जे लिग्निन मिळतं ते कामाचं. दुसऱ्या एका पद्धतीने निघणारं लिग्नोसल्फोनेट तर पाण्यात विरघळतं. कच्च्या रस्त्यावरची धूळ बसवायला ते वापरतातही, पण पावसाळी डांबरी रस्त्यात ते कोण घालेल?

सगळंच गुलाबी नाही. लिग्निनचा काही भाग डांबरात विरघळतच नाही, बारीक भुकटी म्हणून पडून राहतो. त्याने डांबर नुसतंच घट्ट होतं. काही चाचण्यांत म्हातारपण लांबलेलं दिसतं, काहींत फक्त हा घट्टपणा. विदर्भातल्या मे महिन्यात चाकोऱ्या पडू नयेत म्हणून थोडा घट्टपणा परवडतो. कडाक्याच्या थंडीच्या देशात तोच भेगांना आमंत्रण देतो. तरी नेदरलँड्समध्ये झीलंड प्रांतात २०१५ मध्येच निम्म्या डांबराऐवजी लिग्निन वापरून रस्त्याचा तुकडा केला गेला होता.

आणि 'हरित' किती? पाटीवर आकडेमोड करू. सात मीटर रुंद, ४० मिलिमीटर जाड, एक किलोमीटर लांब थर म्हणजे सुमारे ६७० टन मिश्रण. त्यात डांबर ३४ टन. त्याच्या १५ टक्के लिग्निन धरलं तर पाच टन. लिग्निनमध्ये कार्बन ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रस्त्यात कोंडला गेला सुमारे ११ टन कार्बन डायऑक्साइड. साधारण ४,८०० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघतो तेवढा. वाईट नाही, पण मथळ्यांइतकं अचाट नक्कीच नाही.

त्यातही एक गोम आहे. कागद गिरण्या आणि पेंढ्यापासून इथेनॉल करणारे कारखाने आपलं लिग्निन फेकत नाहीत, स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात. ते डांबरासाठी विकलं आणि बॉयलरमध्ये त्याऐवजी कोळसा घातला, तर रस्त्यात कोंडलेले ते ११ टन धुराड्यातून परत बाहेर. त्यामुळे पुढच्या वेळी असा रस्ता बघायला गेलात तर कारखान्याच्या बॉयलरमध्ये काय जळतंय तेही विचारा.