बिलातले दहा टक्के कोणाचे?

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज, म्हणजेच सेवा शुल्क, परस्पर लावता येणार नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिला. न्या. प्रतिभा सिंह यांनी हॉटेल आणि रेस्टॉरंट मालकांच्या दोन संघटनांच्या याचिका फेटाळल्या आणि दोघांनाही प्रत्येकी एक लाख रुपये ग्राहक कल्याणासाठी भरायला सांगितले. ग्राहकांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. पण याचिका मालकांच्या, समोर सरकार, आणि चर्चा सगळी ग्राहकाच्या खिशाची. ज्याच्या सेवेचं नाव घेऊन हे पैसे वसूल होतात, त्या वेटरच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न या वादात कायम मागे राहिला आहे. तो मागे कसा पडला, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबई-पुण्यातल्या जुन्या उडुपी आणि इराणी हॉटेलांत टिपेचा हिशेब अगदी सरळ होता. बिल यायचं ते बडीशेपेच्या बशीत. गिऱ्हाईक पैसे ठेवायचं, वेटर सुट्टे परत आणायचा, त्यातली चार-आठ आण्यांची नाणी बशीतच राहायची. ती त्याची. कुठे ती थेट त्याच्या खिशात जात, कुठे गल्ल्याजवळच्या डब्यात पडत आणि नंतर मोरीवाल्यापासून टेबल पुसणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांत वाटली जात. गावाकडून आलेली ही पोरं हॉटेलातच जेवत, रात्री शटर ओढलं की टेबलं सरकवून तिथेच झोपत, आणि त्यातली काही रात्रशाळेत शिकत. पगार तुटपुंजा असे, आणि तो ‘खाऊन-पिऊन’ धरलेला. वरखर्च भागायचा तो टिपेवर. या व्यवस्थेचं गुणगान करण्यात अर्थ नाही. मालकाने द्यायच्या पगारातली तूट गिऱ्हाईक भरून काढत होतं. तरीही पैसा कोणाचा, याबद्दल मात्र कोणाच्याच मनात शंका नव्हती.

मोठ्या हॉटेलांत चित्र वेगळं होतं. तिथे टीप बिलातच सेवा शुल्क म्हणून घेतली जाई आणि महिनाअखेर हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या ‘पॉइंट’वर वाटली जाई. स्वयंपाकघरात राबणाऱ्या, गिऱ्हाइकाच्या कधी नजरेला न पडणाऱ्या माणसालाही त्यात वाटा मिळे, ही यातली चांगली बाजू. पण पैसा आधी मालकाच्या तिजोरीत जाऊ लागला आणि तिथूनच वाद सुरू झाले.

जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलचा असा एक वाद १९७०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं, की टिपेची रक्कम व्यवस्थापन गोळा करत असलं तरी ती कामगारांच्या वतीने. ती त्यांच्यात वाटली म्हणजे मालकाने स्वतःच्या खिशातून काही दिलं असं होत नाही. हेच सूत्र २६ एप्रिल २०१६च्या आयटीसी प्रकरणात पुन्हा आलं. क्रेडिट कार्डाने दिलेली टीप हॉटेल कर्मचाऱ्यांना वाटतं, मग तो पगारच समजून हॉटेलने त्यावर आयकर कापायला हवा, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. हे पैसे हॉटेलकडे केवळ विश्वस्त म्हणून येतात, तो पगार नव्हे, असा निर्वाळा दिला. एका प्रकरणात कामगार संघटना होती, दुसऱ्यात आयकर खातं, आणि दोन्हींतून निघालं ते एकच. माझ्या मते सेवा शुल्काच्या सगळ्या चर्चेची सुरुवात इथून व्हायला हवी होती.

ती झाली नाही, कारण मधल्या काळात बिलं लांबत गेली. मे २०११पासून मद्य परवाना असलेल्या वातानुकूलित रेस्टॉरंटांना सेवा कर लागू झाला, आणि एप्रिल २०१३पासून परवान्याची अट गेली. एकाच बिलावर सर्व्हिस चार्ज, सर्व्हिस टॅक्स आणि व्हॅट अशा ओळी येऊ लागल्या. सर्व्हिस टॅक्स सरकारचा आणि सर्व्हिस चार्ज हॉटेलचा, हे किती जणांना माहीत होतं? दोन्ही सक्तीचेच समजून लोक मुकाट्याने पैसे भरत राहिले. पाच टक्क्यांपासून पंधरा-वीस टक्क्यांपर्यंतचा आकार या गोंधळाच्या आडोशाने रुळला. शिवाय टीप घालायची ती घालतच होते.

तक्रारी वाढल्यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २१ एप्रिल २०१७ रोजी सूचना काढल्या: सेवा शुल्क ऐच्छिक आहे, बिलातली त्याची जागा कोरी ठेवावी, आकडा ग्राहकाने भरावा. मालकांच्या संघटनेची भूमिका अशी, की शुल्क मेन्यूवर छापलेलं आहे, पटत नसेल तर ग्राहकाने दुसरीकडे जावं. सूचना कागदावरच राहिल्या. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, सेवा कर गेला, पण सर्व्हिस चार्ज राहिला.

पुढे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आलं. त्याने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचना जास्त कडक होत्या. सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचं नाही, त्यासाठी कोणाला प्रवेश नाकारायचा नाही, आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. यातलं शेवटचं कलम आकड्यांत पाहू. दोन हजारांचं जेवण झालं. दहा टक्के सेवा शुल्क दोनशे रुपये. मग पाच टक्के जीएसटी लागतो तो २,२०० रुपयांवर, म्हणजे ११० रुपये. एकूण बिल २,३१०. शुल्क नसतं तर २,१०० झालं असतं. सेवा शुल्कावरचा कर म्हणून गेलेले दहा रुपये वेटरला तर मिळत नाहीतच, ग्राहकालाही ते दिसत नाहीत.

याच सूचनांत एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. किमान सेवेचा मोबदला पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो, आणि त्यापलीकडची टीप हा ग्राहक आणि कर्मचारी यांच्यातला स्वतंत्र व्यवहार आहे. म्हणजे मालक त्यात येतच नाही.

संघटना न्यायालयात गेल्या. २० जुलै २०२२ रोजी सूचनांना स्थगिती मिळाली. अट अशी, की शुल्क ठळकपणे जाहीर करावं आणि पार्सलवर लावू नये. सप्टेंबर २०२३मध्ये एका संघटनेच्या सदस्यांना ‘स्टाफ काँट्रिब्यूशन’ हे नाव वापरायला आणि दहा टक्क्यांच्या आत राहायला न्यायालयाने सांगितलं. २०२५च्या निकालाने सूचना कायम झाल्या. संघटना खंडपीठाकडे अपिलात गेल्या, आणि ऑगस्ट २०२५मधल्या सुनावणीत न्यायालयाने विचारलं, की वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे शंभर रुपये घेता, मग वर सेवा शुल्क कशासाठी? प्रश्न रास्त आहे. मालकांचंही एक म्हणणं ऐकण्यासारखं आहे: शुल्क बंद झालं तर स्वयंपाकघरातल्या, भांडी घासणाऱ्या माणसांचा वाटा जाईल, कारण बशीतली टीप त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. पण हे म्हणणाऱ्याने वाटपाचा हिशेबही दाखवायला हवा. सेवा शुल्काची ओळ बिलावर छापलेली असते. त्यातले किती कोणाला मिळाले, हे ग्राहकाला कुठेच दिसत नाही.

या वादात अमेरिकेचा दाखला हमखास येतो. न्यू जर्सीला किंवा बे एरियात स्थायिक झालेले आपले नातेवाईक सुट्टीवर आले, की तिकडे वीस टक्के द्यावेच लागतात असं सांगतात. ते खरंच आहे, पण कारण वेगळं आहे. तिथल्या संघीय कायद्याने १९६६पासून मालकाला किमान वेतनाचा काही भाग टिपेतून वळता करून घेण्याची मुभा दिली. टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान रोख दर १९९१पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबला आहे, तर सर्वसाधारण किमान दर २००९पासून ७.२५ डॉलर आहे. कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी ही सवलत नाकारली, तरी बऱ्याच राज्यांत टीप हाच पगाराचा मोठा भाग असतो. फ्रान्सने १९८७मध्ये नेमकं उलट केलं आणि मेन्यूवरची किंमत सेवेसह छापायचं बंधन घातलं. आपल्याकडे १९४८च्या किमान वेतन कायद्याने मालकाला टिपेची अशी वजावट कधीच दिली नाही. महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांना किमान वेतनाचे दर ठरवून दिलेले असतात आणि ते मालकानेच पूर्ण द्यायचे असतात. म्हणूनच ‘सेवा शुल्क नसेल तर वेटरचं पोट कसं भरणार’ हा प्रश्न ग्राहकाला विचारला जातो तेव्हा मला चीड येते. तो प्रश्न मालकाचा आहे.

दरम्यान बशीही रिकामी होत चालली आहे. क्यूआर कोड स्कॅन करून बिलाएवढीच रक्कम रुपया-पैशासकट भरली जाते, सुट्टे परत येण्याचा प्रसंगच येत नाही. बिलात जास्तीची रक्कम टाकली, तर ती जाते हॉटेलच्या खात्यात. काही वेटर आपला स्वतःचा क्यूआर कोड पुढे करतात, पण कुठे मालकाला ते चालत नाही, कुठे वेटरलाच संकोच वाटतो.

याबाबतीत ब्रिटनने केलेला कायदा पाहण्यासारखा आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून तिथे मालकाला टिपेतून आणि सेवा शुल्कातून एक पैसाही ठेवता येत नाही. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पूर्ण रक्कम कामगारांना द्यावी लागते, वाटपाचं लेखी धोरण असावं लागतं, आणि तीन वर्षांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. कामगाराला त्या पाहायला मागता येतात. आपल्या २०१७ आणि २०२२च्या सूचना ग्राहकापुरत्या आहेत. शुल्क सक्तीने लावलं तर ग्राहकाला १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, ते काढून टाकायला लावता येतं. पण ग्राहकाने राजीखुशीने दिलेले दोनशे रुपये मालकाने स्वतःकडेच ठेवले, तर त्या सूचनांमध्ये वेटरसाठी काहीच नाही. त्याच्या हाताशी आहे तो रामबाग पॅलेसचा निकाल, आणि त्याचा उपयोग करायचा तर संघटना, वकील आणि नोकरी गमावण्याची तयारी लागते.