अश्वशक्ती नको, पट्टा लांब हवा

किनाऱ्यावरच्या वाळूत पर्यटकांची भाड्याची मोटार रुतली, ही बातमी गोव्यात दर हंगामात येते. तिथे गाडी न्यायला बंदी आहे, तो भाग वेगळा. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाक गरगर फिरते, गाडी आणखी खाली जाते. जमलेल्यांपैकी कोणी इंजिन कमजोर म्हणतो, कोणी राखणदार (गावची रक्षक देवता) कोपला म्हणतो. राखणदाराला यात ओढू नये आणि इंजिनालाही. दोष दर चौरस सेंटिमीटरवरच्या भाराचा आहे. गुलमर्गला पर्यटकांना फिरवणारी स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे चाकांऐवजी फिरता रबरी पट्टा असलेली गाडी) खोल बर्फात रुतते तीही याच कारणाने.

मोटारीचा टायर जमिनीवर साधारण त्यातल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या आसपास. स्नोमोबाइलचे स्वारासह वजन ३२० किलो धरू आणि सगळा भार पट्ट्यावर आहे असे मानू. १२१ इंच घेराच्या, १५ इंच रुंद पट्ट्याचा साधारण ११५ सेंटिमीटर भाग खाली टेकतो. दाब येतो ०.०७ किलो. त्याजागी १५४ इंची पट्टा घातला तर वाढलेल्या ३३ इंचांपैकी निम्मेच खाली येतात, उरलेले वर फिरत असतात. तरी टेकणारी लांबी ४२ सेंटिमीटरने वाढते आणि दाब ०.०५४ वर, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरतो.

पण तरंगणे वेगळे आणि पुढे सरकणे वेगळे. ताजे हिम बहुतांशी हवाच असते. घनमीटरला ५० ते १०० किलो, तर कोरडी वाळू १५०० च्या वर. मात्र हिमाकडे एक गुण आहे जो वाळूकडे नाही. दाबले की कण एकमेकांना टेकतात आणि टेकलेल्या जागी पाण्याचे रेणू सरकत जाऊन बर्फाची बारीक मान तयार होते. याला सिंटरिंग म्हणतात. म्हणून तुडवलेला बर्फ थोड्या वेळाने आपोआप घट्ट होतो. (लाटेलगतची ओली वाळू टणक लागते ती कणांमधल्या पाण्याच्या ताणामुळे, वाळली की संपले.) पट्ट्यावरच्या उभ्या रबरी लग, म्हणजे आडव्या पट्ट्यांसारखे उंचवटे, बर्फ मागे दाबून त्याची भिंत करतात आणि तिच्यावर रेटा देऊन गाडी पुढे ढकलतात. चिखलणीच्या पॉवर टिलरला केज व्हील (लोखंडी पट्ट्यांचे पिंजरा चाक) लावतात, तसेच हे. लग १.२५ इंचांची असेल तर भुसभुशीत थरात ही भिंत तोकडी पडते, २.५ ते ३ इंच लग हवी. उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की भिंत जमण्याआधीच फुटते, लग बर्फ मागे फेकत सुटतात आणि गाडी स्वतःच खणलेल्या चरात बसते. रुतल्यावर पट्ट्यापुढचा बर्फ पायांनी तुडवा, थोडे थांबा, मग हलक्या थ्रॉटलने निघा.

पट्टा बदलताना पिच, म्हणजे लागोपाठच्या दात्यांमधले इंचांतले अंतर, आधी जुळवा. २.५२ पिचच्या ड्रायव्हरवर (पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) २.८६ चा पट्टा बसतच नाही. उंच लग बोगद्याच्या (पट्ट्यावरच्या धातूच्या आवरणाच्या) छताला आणि तिथल्या, इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या कूलरला घासते, म्हणून एक दाता कमी असलेला ड्रायव्हर लावतात. पट्टा ज्यांवरून सरकतो ते खालचे रूळ आणि बोगदा, दोन्ही मागे वाढवावे लागतात. ताण सैल राहिला तर जोर लागताच ड्रायव्हर दाते चुकवून कडकड उड्या मारतो. जास्त आवळला तर बेअरिंग जातात. ३ इंची लग कडक रस्त्यावर दामटली तर तापून फाटते. आणि कूलर व रुळांवरच्या प्लास्टिक पट्ट्या उडत्या बर्फानेच थंड राहतात. ही गाडी आमच्या वाळूवर चालवायची हौस असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

उरले इंजिन. उंची दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद खाते. २६५० मीटरवरच्या गुलमर्गला चौथा हिस्सा गेलेलाच असतो. स्नोमोबाइलचा क्लच गिअरलेस स्कूटरच्या व्हेरिएटरच्याच जातीचा: रोलरऐवजी फिरती वजने पुली दाबतात. ताकद घटली आणि वजने तीच राहिली तर पुली लवकर मिटते, आरपीएम कोसळतात आणि बेल्ट जळतो. म्हणून वजने काही ग्रॅमने हलकी करतात आणि क्लचकडून पट्ट्याकडे ताकद नेणाऱ्या साखळीचे वरचे स्प्रॉकेट (दातेरी चाक) दोन-तीन दात्यांनी लहान घेतात. ‘टर्बो लावा, कुठेही चढा’ असे व्हिडिओ यातले काहीच सांगत नाहीत. ३० अंशांहून तीव्र उतारावर हिमस्खलन होते, हेही नाही.

कार्ब्युरेटर असेल तर विरळ हवेसाठी लहान जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्राची नळी) बसवतात. खाली उतरताना ते बदलायचे विसरले तर दाट हवेत पेट्रोल कमी पडते आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो. जुने जेट गाडीतच ठेवावेत.