चकवा

चकवा : ओळखीच्या मुलखातून चालताना दिशेचे भान सुटणे, आणि आपण सरळ जात आहोत अशी पक्की खात्री असतानाही फिरून फिरून त्याच जागी येणे. हा अनुभव बहुधा रात्री, धुक्यात किंवा दाट रानात येतो. तो घडवून आणणाऱ्या भुतालाही कोकणात आणि घाटमाथ्यावर चकवाच म्हणतात. ‘चकवा लागला’ या बोलण्यात भूत आणि अनुभव असे दोन्ही अर्थ असतात, आणि सांगणाऱ्याला त्यांतला कोणता अभिप्रेत आहे हे पुष्कळदा त्याचे त्यालाही ठरवायचे नसते.

नुसते वाट चुकणे म्हणजे चकवा नव्हे. वाट चुकलेल्याला आपण चुकलो हे कळत असते. चकव्यात सापडलेल्याला ते कळत नाही, आणि मघाचेच झाड, मघाचीच विहीर पुन्हा समोर आली की त्याचा पहिला अविश्वास स्वतःवर नसतो, जागेवर असतो. आपले पाय चुकले असे न वाटता रान फिरले असे वाटते. साहित्याला चकव्याचे आकर्षण वाटत आले आहे ते या क्षणामुळे.

लोकसमजूत

कोकणातल्या भुतावळीत वेताळ, मुंजा, खवीस, समंध, हडळ, गिऱ्हा यांच्या जोडीने चकव्याचे नाव येते. तो इतरांसारखा अंगात शिरत नाही, काही मागत नाही; तो फक्त फिरवतो आणि दमवतो. त्याचा अंमल काळोख असेपर्यंत. म्हणून उपायही साधा सांगितला जातो : चकवा लागल्याचे लक्षात येताच जागच्या जागी बसावे, विडी पेटवावी, आणि उजाडेपर्यंत हलू नये. दक्षिण कोकणात आणि गोव्यात चकव्याच्या उलट काम करणाराही आहे. गावाच्या हद्दीवर रात्री फिरणारा देवचार किंवा राखणदार वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, अशी श्रद्धा आहे.

छत्तीसगडमध्ये हाच दोष एका वनस्पतीकडे जातो. ‘भूलन कांदा’ पायाखाली आला की माणूस दिशा विसरतो आणि दुसऱ्या कोणाचा हात लागेपर्यंत तिथेच घोटाळत राहतो. आयर्लंडमध्ये भारलेल्या ढेकळावर पाय पडला म्हणतात, इंग्लंडच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल भागांत पिक्सींनी नेले म्हणतात, रशियात लेशी हा रानाचा धनी माणसाला भुलवतो. युरोपातल्या या मुलखांतला ठरलेला उतारा म्हणजे अंगातला कपडा काढून उलटा घालणे. रशियात तर जोडेही डाव्या-उजव्या पायांत बदलून घालायचे. या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. बसायचे असो, विडी ओढायची असो की कपडे बदलायचे असोत, माणसाला थांबावे लागते. चकव्यात खरे नुकसान चालत राहिल्याने होते, त्यामुळे या उताऱ्यांना मंत्रतंत्रापलीकडे व्यवहाराचा भक्कम आधार आहे.

माणूस गोल का फिरतो

जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत काम करणारे यान सौमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये याबाबतचे प्रयोग प्रसिद्ध केले. सहा जणांना दाट, सपाट जंगलात काही तास ‘सरळ चाला’ एवढेच सांगण्यात आले आणि त्यांचा मार्ग उपग्रहाद्वारे नोंदवला गेला. आभाळ भरलेले असताना चाललेले चौघेही गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी स्वतःचाच आधीचा मार्ग पुन्हा पुन्हा ओलांडला आणि त्यांना पत्ता लागला नाही. उन्हात चाललेले दोघे जवळजवळ सरळ गेले. ते भरकटले फक्त सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत, सूर्य ढगाआड असताना. सहारा वाळवंटात रात्री चाललेला एक जण चंद्र दिसत होता तोवर सरळ होता. चंद्र झाकला गेल्यावर त्याने अनेक वळणे घेतली आणि तो आला त्याच दिशेला परत निघाला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यांनी कधी कधी २० मीटरपेक्षा कमी व्यासाची वर्तुळे काढली.

एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो म्हणून माणूस एका अंगाला वळतो, हे जुने स्पष्टीकरण या प्रयोगांत टिकले नाही. तसे असते तर प्रत्येक जण नेहमी एकाच बाजूला वळला असता. प्रत्यक्षात तोच माणूस कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत होता. कारण मेंदूच्या हिशेबात आहे. कानाच्या आतला तोलाचा अवयव, स्नायू आणि डोळे यांच्या संदेशांवरून मेंदू ‘समोर’ म्हणजे कुठे हे क्षणोक्षणी ठरवतो. प्रत्येक पावलागणिक त्यात बारीक चूक होते आणि चुका साठत जातात. डोंगरमाथा, सूर्य, तारा, दिवा असे दूरचे काही दिसत असेल तर ती चूक आपोआप दुरुस्त होते. ते दिसेनासे झाले की दुरुस्ती थांबते आणि चूक तेवढी वाढत राहते. रोख अवघा १० अंशांनी चुकला तरी एक किलोमीटरवर माणूस सुमारे १७५ मीटर बाजूला गेलेला असतो, आणि कारवीच्या रानात एवढ्या अंतरावरची वाट दिसत नाही.

हा हिशेब ठेवणाऱ्या पेशी उंदरांच्या मेंदूत सापडल्या आहेत : जागा ओळखणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये, अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना २००५ मध्ये. या तिघांना २०१४ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी जेम्स रँक यांनी १९८४ मध्ये दाखवल्या.

चकव्याचा सख्खा भाऊ म्हणजे दिशाभ्रम. त्यात माणूस कुठे आहे हे त्याला ठाऊक असते, पण पूर्व-पश्चिम उलटी झालेली असते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या ज्या गाड्यांचे इंजिन दौंडला मागच्या टोकाला लागते, त्यांत दौंडच्या आधी झोपलेला प्रवासी पुढे जागा होतो तेव्हा गाडी पुण्याकडे परत चालल्यासारखी वाटते. स्टेशनाची पाटी वाचूनही ते वाटणे लगेच जात नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी १८९४ मध्ये अशा उलट्या दिशांच्या अनुभवांवर लेख लिहिला होता.

साहित्यातील चकवा

आपल्याकडचा चकवा मुख्यतः तोंडी कथेत जगला. या कथेचा साचा ठरलेला आहे : तिन्हीसांज उलटलेली, रोजची वाट, वाटेत एक ठळक खूण, त्या खुणेपाशी दोन-तीनदा परत येणे, आणि उजाडल्यावर कळणे की आपण घरापासून हाकेच्या अंतरावर होतो. साचा सोपा असला तरी लिहिताना तो सहज फसतो. बहुतेक वेळा खूण पहिल्यांदा येते तेव्हा लेखक ती घाईत उरकतो. मग दुसऱ्यांदा ती आली तरी वाचकाला ओळख पटत नाही आणि धक्का सांगून द्यावा लागतो. कधी भुताचे नाव लवकर घेतले जाते. नाव घेतले की वाचकाला उत्तर मिळते आणि त्याचे स्वतःचे दिशाभान शाबूत राहते. साहित्यमीमांसक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये मांडले की नैसर्गिक आणि अतिमानवी अशा दोन स्पष्टीकरणांमध्ये वाचक घुटमळत असतो तेवढाच काळ अद्भुत टिकते. चकव्याच्या कथेला हे तंतोतंत लागू आहे.

या अनुभवाचे सर्वांत अचूक चित्रण टॉलस्टॉय यांच्या १८९५ मधील ‘मालक आणि चाकर’ या दीर्घकथेत सापडते. बर्फाच्या वादळात मालक आणि चाकर एकाच गावात दोनदा येऊन पोचतात. इथपर्यंत ते निव्वळ वाट चुकणे आहे. पुढे रात्री मालक चाकराला सोडून एकटाच घोड्यावर निघतो. समोर काही काळे दिसते. गाव आले म्हणून तो तिकडे वळतो, तर बांधावरची उंच रानझुडपे वाऱ्यात झोडपली जात असतात. तो पुढे जातो, पुन्हा काळे दिसते, आणि ती तीच झुडपे निघतात. या वेळी तिथे घोड्याच्या खुरांचे ठसे आहेत, अर्धवट बर्फाने भरलेले, आणि ते त्याच्याच घोड्याचे आहेत. इथे भीती झुडपांनी येत नाही, ती अर्ध्या भरलेल्या ठशांनी येते. जागा तीच, पण मधे वेळ गेल्याची निशाणी तिच्यावर उमटलेली. खूण दुसऱ्यांदा दाखवताना तिच्यात एवढाच फरक हवा. हुबेहूब तीच दाखवली तर नुसती पुनरुक्ती होते.

मार्क ट्वेन यांनी हेच ठसे हसण्यासाठी वापरले. त्यांच्या १८७२ च्या ‘रफिंग इट’ या प्रवासवर्णनात बर्फात निघालेले सोबती पुढे गेलेल्या कोणाचा तरी माग सापडला म्हणून खूश होतात, माग दाट होत जातो, पुढे मोठी टोळी असावी असे वाटू लागते, आणि अखेर उलगडते की दोन तासांहून जास्त वेळ ते आपल्याच मागावर गोल फिरत आहेत. फ्रॉइड यांनी १९१९ च्या ‘अनोळखी-भयावह’ या अनुभवावरील निबंधात धुक्यातल्या रानात त्याच खुणेपाशी परत येणे आणि इटलीतील एका गावात नकळत त्याच गल्लीत तिसऱ्यांदा शिरणे ही उदाहरणे दिली. तिथे त्यांनी ट्वेन यांनीच विनोदाने रंगवलेल्या अंधाऱ्या खोलीतल्या धडपडीचाही उल्लेख केला. एकच घटना भयाची आणि विनोदाची होऊ शकते, कारण दोन्हींत माणसाची खात्रीच खोटी ठरते.

दिशा हरपण्याचे सर्वांत उंच रूप गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहताना अर्जुन म्हणतो, ‘दिशो न जाने’. चकव्यात दूरचे काही दिसत नाही म्हणून दिशा जाते. इथे सगळ्या दिशा एकाच रूपाने भरून गेल्यामुळे जाते.

सह्याद्रीत चकवा लागल्यास

घाटमाथ्यावर चकव्याची बहुतेक प्रकरणे पावसाळी धुक्यात, पावसानंतर वाढलेल्या कारवीत आणि ढोरवाटांच्या जाळ्यात घडतात. ढोरवाटा मळलेल्या असतात, पण गुरे चरायला जातात, गावाला नाही. अशी वाट मधेच विरते.

तीच खूण दुसऱ्यांदा दिसली की थांबावे, पाणी प्यावे, काही खावे आणि किमान दहा मिनिटे बसावे. मग नवा अंदाज न बांधता शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत जावे. सरळ जायचे असेल तर समोरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात आणि पहिलीपाशी पोचण्याआधी पुढची तिसरी निवडावी. धुक्यात खुणा नसतील तर एकाने दिसत राहील इतकेच पुढे जाऊन उभे राहावे आणि बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत यावे. ओढ्याच्या कडेने खाली उतरण्याचा सल्ला इथे घातक आहे, कारण पश्चिमेकडे जाणारे ओढे थेट कड्यावरून कोसळतात. होकायंत्र खडकावर ठेवून वाचू नये. सह्याद्रीच्या काळ्या खडकातल्या, म्हणजे बेसॉल्टमधल्या, मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाने सुई ढळू शकते. ध्रुवतारा महाराष्ट्रात क्षितिजापासून फक्त १६ ते २२ अंश वर असतो, म्हणून झाडीत किंवा डोंगराच्या दक्षिण कुशीत तो मिळेलच असे नाही. अंधार पडला असेल तर उजाडेपर्यंत हलू नये, हा जुना उपायच योग्य. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, थरथरू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो चकवा नसून गारठा, पाण्याची कमतरता किंवा रक्तातली साखर उतरणे असू शकते. अशा वेळी ११२ वर मदत मागावी. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच साखरपाणी द्यावे.

वयस्कर माणसाला भर दिवसा, रोजच्या बाजाराच्या रस्त्यावर वारंवार चकवा लागत असेल, तर त्याकडे वयाचा विसराळूपणा म्हणून पाहू नये. अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी मेंदूच्या ज्या भागात असतात, तोच अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीला बाधित होणाऱ्या भागांपैकी एक आहे. म्हणून माणसांची नावे नीट आठवत असतानाही घरची वाट चुकू शकते. अशा व्यक्तीला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे आणि तिच्या खिशात घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.