सुषिर वाद्यांतील छिद्रे बुजवणे

सनई, बासरी, क्लॅरिनेट इ. वाद्यांत एखादाच स्वर चढा लागत असल्यास त्याचे छिद्र मेणाने अंशतः बुजवून तो उतरवण्याची रीत. छिद्र कोरल्यास लाकूड पुन्हा भरून येत नाही; मेण मात्र केव्हाही काढता येते. सगळेच स्वर चढे असतील, तर दोष छिद्रांत नसून सनईच्या पत्तीत (फुंकल्यावर कंप पावणाऱ्या पातीत) किंवा क्लॅरिनेटच्या जोडात शोधावा.

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त (साधारणतः इ.स.पू. 200 ते इ.स. 200) वंशवादनासंबंधी (बासरीवादनासंबंधी) व्यक्तमुक्त (छिद्र पूर्ण उघडे), कंपमान (बोट कंपित) व अर्धमुक्त अशा अंगुलिक्रिया सांगितल्या असून त्यांतून अनुक्रमे चार, तीन व दोन श्रुतींचे (श्रुती म्हणजे स्वरांमधील सूक्ष्म अंतर) स्वर निघतात. अर्धमुक्तात छिद्र अर्धे झाकले जाते हे खरे; पण ते क्षणापुरते, बोटाने. तेव्हा त्यावरून प्रस्तुत रीतीचे प्राचीनत्व ठरवण्यापेक्षा ते वादनतंत्र मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

मेण छिद्राच्या कोणत्या कडेला लावले, याला फार महत्त्व आहे. फुंकीकडच्या कडेला लावल्यास छिद्र लहान होते आणि त्याचा मध्यही खाली सरकतो, त्यामुळे स्वर अधिक उतरतो. खालच्या कडेला लावल्यास मध्य वर सरकून परिणाम बराचसा फिटतो. तार सप्तकात स्वर मध्य सप्तकापेक्षा जास्त उतरतो, म्हणून तानपुऱ्यावर दोन्ही सप्तके तपासावीत. काम खालच्या छिद्रापासून वर करीत न्यावे, कारण खालचे छिद्र लहान केले की वरचे स्वरही किंचित हलतात.

आधी छिद्राच्या आतील तेल पुसावे, नाहीतर मेण सुटते. मोहरीएवढे मधमाशीचे मेण बोटांत मऊ करून काडीने आतील भिंतीला चिकटवावे. ते नळीत डोकावले तर स्वर थरथरतो. जास्त भरले तर आवाज कोंडतो. पुण्यात दिवाळी पहाटेच्या गारव्यात वाद्य आधी वाजवून गरम करावे. नळीतील हवेचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढले की सूर सुमारे 3 सेंटने चढतो (100 सेंट म्हणजे अर्धा स्वर). मेण 62–64 अंशांना वितळते, पण त्याआधीच मऊ पडते. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवलेल्या सनईतले मेण घसरते.

बँडमधील क्लॅरिनेटला मेणाऐवजी नेलपॉलिशचे पातळ थर देतात. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा द्यावा. छिद्राच्या काठावर थेंब राहिला तर पॅड (छिद्र झाकणारी गादी) नीट बसत नाही व हवा गळते. हा थर ॲसिटोनने निघतो, मात्र प्लॅस्टिकच्या क्लॅरिनेटला ॲसिटोन लावू नये, प्लॅस्टिकच विरघळते.