पर्णवटवट्याचे गाणे आणि तिबेटभोवतीचे कडे

हिवाळ्यात आपल्याकडच्या आमराईत किंवा चिंचेच्या शेंड्यावर क्षणभरही स्थिर न राहणारा हिरवट पर्णवटवट्या बहुधा त्याच्या त्रोटक हाकेवरूनच ओळखावा लागतो. त्याचे खरे गाणे मात्र हिमालय ते सैबेरिया या विणीच्या प्रदेशातच बहरते. पक्ष्याचे गाणे कशामुळे बदलत जाते, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर देणारा दुसरा पक्षी मला माहीत नाही.

गाण्याची चौकट शरीर आखून देते. पक्षी लहान तर त्याचे स्वरयंत्रही लहान, म्हणून आठेक ग्रॅमच्या वटवट्याची पट्टी साहजिकच उंच असते. गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांत तर जाड चोचीच्या जातींना चोच झपाट्याने उघडमीट करता येत नाही, त्यामुळे त्यांची गाणी संथ असतात, असे जीवशास्त्रज्ञ जेफ्री पोडोस यांनी 2001 मध्ये दाखवले.

या चौकटीच्या आत परिसर आपले काम करतो. दाट जंगलात स्वर खोडांवर आदळून परततात आणि भराभर घेतलेले स्वर एकमेकांत मिसळून जातात. हिमालयातल्या खळाळत्या ओढ्यांकाठी राहणारा मोठ्या चोचीचा पर्णवटवट्या पाण्याच्या खर्जातल्या गर्जनेच्या वर उठणाऱ्या, उंच आणि स्वच्छ शिट्ट्या घालतो. तिथल्या काही बेडकांचे आवाजही तशाच उंच पट्टीत असतात, हे विशेष.

वंशाचा वाटा मात्र हिरवट वटवट्यात सर्वांत ठळक दिसतो. वृक्षहीन तिबेटी पठाराला वळसा घालत त्याचे समूह दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे पसरले आणि पठाराभोवती त्यांचे जणू एक कडे, म्हणजे वलय, तयार झाले. हिमालयात आखूड आणि साधे असलेले गाणे दोन्ही वाटांवर स्वतंत्रपणे लांब व गुंतागुंतीचे होत गेले. मादीची निवड हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. लांबी दोघांकडे सारखीच वाढली, पण स्वरांची रचना वेगवेगळ्या दिशांनी गेली. मध्य सैबेरियात हे दोन समूह पुन्हा समोरासमोर येतात, तेव्हा एकाचे ध्वनिमुद्रित गाणे ऐकवले तरी दुसऱ्या समूहातला नर आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरल्यासारखा चवताळत नाही, असे जीवशास्त्रज्ञ डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांना आढळले. पुढे 2014 मधील जनुकीय अभ्यासातून या कड्यात पूर्वी काही ठिकाणी खंड पडला होता, हेही उघड झाले. म्हणजे गाण्यांबरोबर वंशही काही काळ एकमेकांपासून दुरावलेले होते.